धीम्या गाडीचा हिशेब

करी रोड स्थानकावर जलद लोकल थांबत नाही. चिंचपोकळी आणि परळ यांच्या मधोमध असलेल्या या लहानशा स्थानकाचा सारा व्यवहार धीम्या गाडीवर चालतो. रोज येथून कामावर जाणाऱ्या माणसाला एक हिशेब तोंडपाठ असतो. जिना दोन-दोन पायऱ्या गाळून उतरला तर वीस सेकंद वाचतात. परंतु गाडी यायला अजून तीन मिनिटे असतील, तर त्या वीस सेकंदांची किंमत शून्य. तीच गाडी फलाटावर उभी असेल, तर मात्र त्या वीस सेकंदांत एक अख्खी गाडी मिळते किंवा हुकते. घाई कोठे कामाची आणि कोठे व्यर्थ, हे ज्याला कळते तो घामाघूम न होता वेळेवर पोहोचतो. जिन्यावरील घाईचे दुसरे रूपही या परिसराने पाहिले आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये शेजारच्या एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि त्यानंतर लष्कराने जे तीन पादचारी पूल उभारले, त्यांतील एक करी रोडचा होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला.

हा गाडीचा हिशेब येथे मांडण्याचे कारण वेगळे आहे. याच परिसरातील घरांत, चाळीत असो वा गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये असो, संध्याकाळी एखादा मुलगा संगणकासमोर बसून व्हिडिओ गेमचा एकच भाग पुन:पुन्हा खेळताना दिसतो. पडतो, पुन्हा उभा राहतो, पुन्हा पडतो. आजी विचारते, "अरे, परत तेच? पुढे जात का नाहीस?" मुलगा म्हणतो, "आजी, पुढे जाता येतं गं. पण दोन सेकंद जास्त लागतात." आजीला हे उत्तर उद्धटपणाचे वाटते. वस्तुतः त्याने खरे तेच सांगितलेले असते. तो जे करतो आहे त्याला स्पीडरन म्हणतात. एखादा खेळ कमीत कमी वेळात संपविणे, आणि तो तसा संपविता यावा म्हणून महिनोन्‌महिने त्याचा अभ्यास करणे, असा हा छंद आहे. बाहेरून तो घाईचा छंद दिसतो. आतून पाहिला तर त्यात घाईला फारच थोडी जागा आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळाचे. सप्टेंबर १९८५ मध्ये जपानात प्रसिद्ध झालेल्या या खेळात ३२ टप्पे आहेत. जगातील निष्णात खेळाडू त्यांतील केवळ ८ खेळतात. उरलेले टप्पे खेळातच दडविलेल्या आडवाटांनी ओलांडून जातात. एप्रिल २०२१ मध्ये निफ्ट्स्की या टोपणनावाने खेळणाऱ्या अमेरिकी तरुणाने हा खेळ ४ मिनिटे ५५ सेकंदांच्या आत संपविला. तोवर ते कोणालाही साधले नव्हते. संगणकाच्या साह्याने एकेक कळ जुळवून जी आदर्श धाव रचली जाते, तिच्यापासून माणसाची उत्तम धाव आता अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतरावर येऊन ठेपली आहे.

आता गाडीचा हिशेब. मारिओचे चित्र दर सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने काढले जाते. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. टप्पा संपला की खेळ लगेच पुढच्या टप्प्यात नेत नाही. 'टप्पा संपला का?' ही तपासणी तो दर २१ फ्रेमना एकदाच करतो. म्हणजे दर ०.३५ सेकंदाला एक गाडी सुटते. खेळाडूने मोठ्या शर्थीने १० फ्रेम वाचविल्या, पण तरीही आधीची गाडी हुकली, तर तो पुढच्याच गाडीने जाणार आणि वाचविलेला वेळ फलाटावर उभे राहण्यात जाणार. उलट, एकाच फ्रेमने आधीची गाडी मिळाली, तर एका झटक्यात २१ फ्रेमचा लाभ. म्हणूनच जाणता खेळाडू सगळीकडे सारखा धावत नाही. कोठे जोखीम घेऊन गाडी गाठायची आणि कोठे निवांत चालून तीच गाडी पकडायची, हे तो आधी कागदावर ठरवितो. शेवटच्या टप्प्यात मात्र गाडी नाही. तेथे शेवटच्या कुऱ्हाडीला हात लागताच घड्याळ थांबते, त्यामुळे तेथील प्रत्येक फ्रेम मोजली जाते. आणि चार मिनिटे निभावून नेलेली धाव हात थरथरल्यामुळे तेथेच बिघडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

जाता जाता एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९९० च्या दशकात भारतातील घराघरांत कॅसेट घालून टीव्हीवर खेळायचे जे व्हिडिओ गेम आले, ते बहुधा मूळ जपानी यंत्राच्या नकला होत्या. भारतीय दूरचित्रवाणीची पाल पद्धत सेकंदाला ५० चित्रांची. त्या पद्धतीसाठी बनविलेल्या यंत्रावर मूळ खेळ तसाच चालविला, की मारिओ एक षष्ठांशाने मंद धावे आणि संगीतही किंचित रेंगाळे. आज चाळिशीत असलेल्या ज्या बाबांना आपला मारिओ जगातला सर्वांत चपळ वाटत होता, त्यांनी विक्रमी धावेतील एकेक हालचाल जशीच्या तशी केली असती, तरी त्यांच्या यंत्रावर तिला सुमारे सहा मिनिटे लागली असती.

मूळ प्रश्न असा, की ज्याला हे शिकायचे आहे त्याने आरंभ कोठून करावा? नवशिक्यांची पहिली चूक खेळ निवडतानाच होते. ज्या खेळाचे सर्वांत जास्त नाव ऐकले, तोच ते निवडतात. खरी कसोटी निराळी आहे: हा खेळ दोनशे वेळा खेळला तरी कंटाळा येणार नाही ना? दुसरी गोष्ट लांबीची. काही खेळांची धाव चार-पाच तास चालते. शाळेत जाणाऱ्या मुलाला ती परवडणारी नाही आणि घरालाही नाही. पहिली धाव पाच-दहा मिनिटांत संपणारी असावी.

या दृष्टीने 'सेलेस्ट क्लासिक' हा लहानसा खेळ नमुन्यादाखल पाहण्यासारखा आहे. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी या दोघांनी २०१५ मध्ये तो चार दिवसांत रचला. पुढे २०१८ मध्ये निघालेला 'सेलेस्ट' हा गाजलेला मोठा खेळ याच बीजातून वाढला. मूळचा लहान खेळ त्यांनी विनामूल्य ठेवला आहे; साध्या, जुन्या संगणकावरही ब्राउझरमध्ये तो चालतो, त्यामुळे चोरून उतरविलेल्या प्रतीचा प्रश्नच उद्भवत नाही. एक मुलगी डोंगर चढते. दर पडद्यागणिक १०० मीटर, एकूण ३० पडदे, आणि मग शिखर. हातात शस्त्र नाही, समोर शत्रू नाही. उडी मारण्याची एक कळ, आणि आठांपैकी कोणत्याही दिशेला झेप घेण्याची दुसरी. आरंभी झेप एकदाच घेता येते. पाय जमिनीला टेकल्यावर ती पुन्हा मिळते. झेप शिल्लक असताना मुलीचे केस तांबडे असतात, वापरली की निळे होतात. एवढ्या सामग्रीवर जगभरचे खेळाडू हा डोंगर दोन मिनिटांच्या आत चढतात. नवख्याला पहिल्या खेपेस तासभर लागला तरी नवल नाही.

पहिल्या आठवड्यात घड्याळाकडे पाहूच नये. खेळ सरळ, कसाही, एकदा शेवटपर्यंत न्यावा. मग पुन्हा न्यावा. शिखरावर पोहोचल्यावर लागलेला वेळ आणि किती वेळा पडलो तो आकडा खेळ स्वतःच दाखवितो. हे दोन आकडे तारखेसह वहीत लिहावेत. आरंभी दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा. पडण्याचे प्रमाण घटले, की वेळ आपोआप घटतो. सरकारी टंकलेखनाची परीक्षा दिलेल्या मागच्या पिढीला हे सांगावे लागत नाही. मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा, मग ४० ची. आणि वर्गातील शिक्षक पहिले कित्येक दिवस वेगाचे नावही काढू देत नसत. आधी बोटे आपापल्या जागी, आधी अचूक अक्षर. चुकीच्या बोटाने कमावलेला वेग पुढे मोडून पुन्हा बांधावा लागतो आणि ते काम नव्याने शिकण्याहून अवघड असते. व्हिडिओ गेमच्या कळांनाही हाच नियम लागू आहे.

त्यानंतर इतरांच्या धावा पाहाव्यात. पण पहिली पाहायची ती विश्वविक्रमाची नव्हे. आपल्याहून जरासा पुढे असलेल्या खेळाडूची. विक्रमवीराच्या युक्त्या सेकंदाचा साठावा भाग साधणाऱ्या असतात. त्या एका युक्तीच्या नादात मुलगा महिनाभर एकाच खडकावर आपटत राहतो आणि सोपी, चार सेकंद वाचविणारी वाट त्याच्या नजरेतून सुटते. प्रत्येक पडद्यासाठी 'सध्याची सुरक्षित वाट' कोणती, हे वहीत चित्र काढून ठेवावे. अवघड वाट वेगळ्या रंगात, पुढच्या महिन्यासाठी.

सराव तुकड्यांचा करावा, साऱ्या धावेचा नव्हे. लालबाग-परळच्या गल्ल्यांत गुरुपौर्णिमेपासून गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो, तेव्हा पहिल्याच रात्री कोणी आठ थर लावीत नाही. तळ कसा बांधायचा, दुसऱ्या थराने खांद्यावर पाय कोठे ठेवायचा, वरच्यांनी उतरायचे कसे, हे सुटे सुटे घोटले जाते. थर लावण्याइतकाच उतरविण्याचाही सराव होतो, हे विशेष. 'सेलेस्ट क्लासिक'च्या मूळ रूपात मधलाच एखादा पडदा निवडण्याची सोय नाही; पण पडल्यावर तोच पडदा पुन्हा सुरू होत असल्यामुळे, ओलांडण्याआधी मुद्दाम पडून तो दहा वेळा घोटता येतो. इतर अनेक खेळांत हवी ती स्थिती जतन करून तेथूनच आरंभ करण्याची सोय असते. ती सरावापुरती वापरावी. प्रत्यक्ष धावेत ती चालत नाही. दहांपैकी आठ वेळा तुकडा जमला, की पुढच्या तुकड्याकडे वळावे. दहापैकी दहाची वाट पाहत बसू नये.

महिनाभराने घड्याळ लावावे. लाइव्हस्प्लिट नावाचे विनामूल्य घड्याळ यासाठी सर्रास वापरले जाते. ते धावेचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची वेळ स्वतंत्र नोंदविते. आपल्याच जुन्या उत्तम वेळेच्या पुढे असलो तर आकडा हिरवा, मागे असलो तर तांबडा, आणि एखादा तुकडा आजवरच्या साऱ्या प्रयत्नांत सर्वांत लवकर झाला तर सोनेरी. सारे सोनेरी तुकडे जोडून जी बेरीज येते, ती मुलाची स्वतःची क्षमता: तो हे सगळे एकेकदा करून चुकला आहे, फक्त एका दमात नाही.

परंतु याच घड्याळात एक सापळा आहे आणि त्यात बहुतेक सगळेच सापडतात. आरंभी थोडी चूक झाली, आकडा तांबडा झाला, की मुलगा खेळ बंद करून पहिल्यापासून सुरू करतो. पुन्हा चूक, पुन्हा आरंभ. दोन महिन्यांनी पाहावे तर पहिले पाच पडदे त्याला डोळे मिटून येतात आणि शेवटच्या पाचांत तो अजून चाचपडतो आहे. कारण तेथवर तो पोहोचतच नाही. मग एखाद्या दिवशी धाव उत्तम जमते, शेवट दिसू लागतो, छाती धडधडू लागते, आणि जेथे सराव सर्वांत कमी तेथेच कसोटीचा क्षण येतो. मुलांच्या शाळेच्या वह्यांतही हे चित्र दिसते. पहिला धडा रंगीत पेनांनी अधोरेखित, शेवटचे दोन धडे कोरे. म्हणून नवशिक्यासाठी नियम असा असावा, की बसल्या बैठकीत निदान तीन धावा, कितीही बिघडल्या तरी, शिखरापर्यंत न्यायच्याच. बिघडलेली धाव सावरून पुढे नेण्याचे कौशल्य फक्त बिघडलेल्या धावेतच शिकता येते.

नोंदीच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न पालकांनी मुलाशी मुद्दाम बोलावा असा आहे. अटारीच्या जुन्या यंत्रावर 'ड्रॅगस्टर' नावाचा काही सेकंदांचा मोटार शर्यतीचा खेळ होता. टॉड रॉजर्स या अमेरिकी खेळाडूच्या नावावर १९८२ पासून त्यातील ५.५१ सेकंदांचा विक्रम नोंदलेला होता. साडेतीन दशके तो कोणाला मोडता आला नाही. पुढे एरिक कोझिएल या अभ्यासकाने खेळाची आज्ञावली उलगडून पाहिली. ५.५७ सेकंदांहून कमी वेळ त्या खेळात शक्यच नाही, असे गणिताने दिसून आले. जानेवारी २०१८ मध्ये ट्विन गॅलेक्सीज या नोंद ठेवणाऱ्या संस्थेने तो विक्रम रद्द केला. आज कोणतीही चांगली वेळ सादर करताना संपूर्ण धावेचे ध्वनिचित्रमुद्रण द्यावे लागते आणि इतर खेळाडू ते बारकाईने तपासतात. मुलाने अगदी पहिल्या दिवसापासून आपली धाव मुद्रित करावी. ती कोणाला दाखविण्यासाठी नव्हे. आपण कोठे थबकतो हे खेळताना कळत नाही, पाहताना कळते.

जैन घरांत व्हिडिओ गेमविषयी एक खास नाराजी असते आणि ती समजण्यासारखी आहे. बहुतेक खेळांत मारणे हेच काम. येथे स्पीडरनच्या जगातील एक गोष्ट ठाऊक असावी. 'डूम' हा १९९३ चा खेळ गोळीबारासाठीच प्रसिद्ध, किंबहुना कुप्रसिद्ध. त्याच्या धावांची नोंद ठेवण्याचे काम १९९४ पासूनच सुरू झाले आणि त्या नोंदींत 'पॅसिफिस्ट' म्हणजे अहिंसक असा एक रीतसर वर्ग आहे. राक्षसांनी भरलेल्या वाटेतून बाहेर पडायचे, पण त्यांतील एकालाही जाणूनबुजून इजा करायची नाही. बंदूक असून ती चालवायची नाही, हे बंधन खेळाडूंनी स्वतःच स्वतःवर घालून घेतले, आणि त्या धावा पाहताना कळते की तेथे कौशल्याची कसोटी अधिक कठीण आहे. याचा अर्थ डूम मुलांच्या हाती द्यावा असा मुळीच नाही; त्यातील रक्तपात तसाच आहे. पण मुलाला खेळ निवडू देताना 'यात कोणाला न मारता शेवट गाठता येतो का?' हा प्रश्न विचारता येतो आणि शत्रूच नसलेले उत्तम खेळ मिळतातही.

आता बाबांचा प्रश्न. याचा उपयोग काय? उपजीविका म्हणाल तर जवळजवळ काही नाही. या छंदावर पोट भरणारे जगात मोजकेच, आणि त्या आशेवर कोणी मुलाला यात ढकलू नये. ज्याला ज्याला आकडे आणि पडदा आहे ते ते सारे जुगारच, अशीही एक समजूत आढळते. ती चुकीची आहे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ही वेगळी वस्तू. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून त्यांवर बंदी आणली. स्पीडरनमध्ये पैसा लावण्याचा संबंध नाही. खरा धोका वेळेचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात खेळांच्या विकाराचा समावेश केला असून ते जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात तासांची मोजणी नाही. लक्षणे पाहिली जातात. खेळणे स्वतःला आवरता न येणे, इतर साऱ्या गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम देणे, नुकसान दिसत असूनही तो चालूच ठेवणे, आणि हे सामान्यतः बारा महिने टिकून राहणे. मुलगा हाक मारल्यावर उठतो का, हरल्यावर घरातल्यांवर चिडतो का, मित्रांत मिसळणे सोडले आहे का, हे आईला कोणत्याही घड्याळापेक्षा आधी दिसते.

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांत संध्याकाळ मोठी असते. तिचा एक ठरावीक भाग या सरावाला देता येतो. पाऊण तास पुरेसा आहे. त्याहून जास्त वेळ बसले तर बोटे जडावतात आणि शेवटची वीस मिनिटे चुकाच घोटल्या जातात. दर पंधरा मिनिटांनी उठून मनगटे मोकळी करावीत, खिडकीतून लांब पाहावे. परीक्षेच्या महिन्यात वही मिटून ठेवावी. हाताला लागलेली सवय महिन्याभरात पुसली जात नाही. एक खोलीच्या घरात आवाज बंद ठेवून खेळावे लागते, आणि उडीचा ठेका कानाने पकडणाऱ्या मुलाला ते जड जाते. अशा वेळी हेडफोन घ्यावा, पण एक कान मोकळा ठेवून. आईची हाक ऐकू आली पाहिजे.

या खेळाडूंनी आपल्या छंदाचे केले काय, हेही सांगायला हवे. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेत काही जण सलग खेळत राहून देणगी गोळा करण्यासाठी जमले. ठरलेल्या हॉटेलातील इंटरनेट चालेना, तेव्हा आयोजक माइक उयामा याच्या आईच्या घराच्या तळघरात त्यांनी मुक्काम हलविला. त्या खेपेस दहा हजार डॉलरांहून थोडे अधिक जमले आणि ते केअर या संस्थेला दिले गेले. 'गेम्स डन क्विक' नावाने पुढे तो उपक्रम दरवर्षी होऊ लागला. जानेवारी २०२० च्या मेळाव्यात कर्करोग प्रतिबंधासाठी ३० लाख डॉलरांच्या वर निधी उभा राहिला. आईने तळघर दिले नसते तर काय झाले असते, असा विचार तेथील कोणी केला असेल किंवा नसेलही.

करी रोडच्या घरांना तळघर नसते. असते ती बाहेरच्या खोलीतली एक कोपऱ्यातली जागा, जेथे बाबांचा जुना लॅपटॉप आणि देव्हाऱ्याची भिंत यांच्यामध्ये मुलाचे गुडघे कसेबसे मावतात. तेथे आजीला शेजारी बसवून एकदा वही दाखवावी. पहिल्या पानावर ५८ मिनिटे आणि ३१२ वेळा पडलो; अठराव्या पानावर ९ मिनिटे आणि ४१ वेळा; असे काहीसे आकडे तिच्यात असतील. आजीला पडद्यावरचे काही कळले नाही तरी वहीतले कळेल. आणि मग बाविसाव्या पडद्यावर मुलगा पुन्हा पडला, तर ती बहुधा एवढेच विचारील, "गाडी चुकली का रे?"